मथुरेची खोपी

आडबंदरातल्या मथुरा परबिणीपुढे बोलताना गावचे मानकरीसुद्धा आधी घसा साफ करून घ्यायचे. नवरा खलाशी होता. तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. मूलबाळ नाही. मागे उरलं ते दोन खोल्यांचं घर, परसातले माड आणि जीभ. यातली जीभ तिने सर्वांत जास्त राबवली. ती कुणाच्या दारात मीठ मागायला गेली नाही, आणि तिच्या दारात मागायला आलेल्याला मिठाबरोबर दोन शब्द ऐकवल्याशिवाय तिने सोडलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या या बाईला सगळा गाव काकी म्हणत असे, अगदी तिच्याहून मोठे असलेलेही.

अशा काकीला एका गोष्टीचा मात्र धसका होता. ती म्हणजे गावपळण.

मालवणकडच्या काही गावांत ही जुनी रीत आहे. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घ्यायचा, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार. देवाने होकार दिला, की अख्ख्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, कुणी म्हणून मागे राहायचं नाही. गावात दिवा लावायचा नाही. माळावर झावळ्यांच्या खोप्या बांधायच्या, तीन धोंड्यांच्या चुली मांडायच्या आणि चौथ्या दिवशी परतीसाठी पुन्हा कौल मागायचा. लोकांना त्यात मोठी मजा वाटते. गप्पा-गजाली होतात, भजनं होतात, भांडलेले भाऊ शेजारी शेजारी चूल मांडतात.

पण खोपी बांधतात ते घरातले पुरुष, आणि ती ओळखली जाते ती घरच्या पुरुषाच्या नावाने. ज्या बाईला पुरुष नाही तिला नातेवाइकांच्या खोपीत कोपरा मिळतो. मथुरेचा कोपरा होता तिचा दीर शंकर याच्या खोपीत, आणि त्या कोपऱ्याची खरी मालकीण होती शंकराची शेळी. शंकर वाईट नव्हता, त्याची बायको सुगंधाही वाईट नव्हती. पण तीन दिवस दर थोड्या वेळाने सुगंधा गोड आवाजात म्हणायची, "काकी, वायच सरकतंस?" आणि वर्षभर गावाला सरकवणारी मथुरा मुकाट्याने शेळीच्या दिशेने सरकायची. दुसऱ्याच्या चुलीवरचं जेवायचं, म्हणून मीठ कमी पडलं तरी बोलायची सोय नव्हती. एकदा तरी आपली खोपी असावी, आपली चूल असावी, एवढंच तिला वाटे. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. शेळीला सांगितलं होतं.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या डिसेंबरात गावात एक नवलच आलं. मुंबईच्या एका मिशनची माणसं वीस-बावीस अनाथ पोरांना घेऊन आगबोटीने मालवणला उतरली आणि तिथून लॉरीने आडबंदरात पोचली. खाडीकाठचा पेरेरासाहेबांचा रिकामा बंगला त्यांना वर्षअखेरीपर्यंत राहायला मिळाला होता. पोरं सगळी रस्त्यावरची. कुणी भायखळ्याच्या पुलाखाली वाढलेलं, कुणी बोरीबंदरच्या फलाटावर. त्यांच्याबरोबर सेवेला आले होते नगरकडचे साळवे पाद्री आणि शाळेत शिकवणाऱ्या रूथताई. या मुलांना घर म्हणजे काय ते दाखवायचं, चार भिंतींत, वेळच्या वेळी, शिस्तीने, असा पाद्रींचा बेत होता. त्यासाठी त्यांनी गळ्यात एक शिट्टी बांधून आणली होती.

स्वयंपाकाला बाई हवी होती. मथुरा गेली. तिने पाद्रींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोरांना पाहिलं आणि म्हणाली, "रांदतंय मी. पण माज्या चुलीकडे शिट्टी वाजवची नाय."

पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. पोरं ओळीने बसली, पानात भात आणि बांगड्याचं सार पडलं. पाद्रींनी डोळे मिटले, हात जोडले आणि थांबत थांबत प्रार्थना सुरू केली.

"हे दयाळू प्रभू, या लेकरांवर तुझी कृपादृष्टी असू दे."

आता देवापुढे कुणी असं मोठ्याने मागणं मांडलं आणि थांबलं, तर पुढे काय म्हणायचं हे मालवणी माणसाला शिकवावं लागत नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना घाडी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा मानकरी, एकेक मागणं म्हणतो आणि जमलेला गाव हुंकार देतो. पळी हातात धरून उभ्या असलेल्या मथुरेच्या तोंडून तो आपसूक निघाला.

"व्हय म्हाराजा."

पाद्रींचा एक डोळा उघडला. रूथताईंनी पदर तोंडाला लावला. पाद्री पुढे म्हणाले, "यांना सन्मार्ग दाखव." मथुरा म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या मागण्याला एस्तर नावाची दहा वर्षांची काटकुळी पोरगी तिच्याबरोबर ओरडली आणि चौथ्याला सगळी पंगत. मिशनमध्ये ही पोरं प्रार्थनेत डुलक्या काढत. त्या दिवशी पाद्रींनी प्रार्थना संपवली तेव्हा पोरं म्हणाली, अजून मागा. पाद्री भला माणूस होता. त्यांनी विचार केला की भक्ती कुठून का येईना, आणि दुसऱ्या दिवसापासून ते जरा जास्तच थांबत थांबत प्रार्थना करू लागले.

आठवड्याभरात पोरं मथुरेच्या पदराला चिकटली. ती त्यांना शिव्या द्यायची, पण प्रत्येकाला वेगळी, त्याच्या त्याच्या गुणांप्रमाणे. आतापर्यंत त्यांना सगळ्यांना मिळून एकच शिवी मिळत आली होती, त्यामुळे पोरांना हा मान वाटला. एस्तर तर चुलीपासून हलायचीच नाही.

आणि मग देवाने कौल दिला. गावपळण ठरली.

गावचे घाडी अप्पा दोन मानकऱ्यांना घेऊन बंगल्यावर आले. गंभीर तोंडाने ओटीवर बसले आणि पाद्रींना म्हणाले, "देवाचो हुकूम झालो. परवा ढोल वाजलो काय तुमका हय रवाक गावचा नाय. वेशीभायर जावचा लागतला."

साळवे पाद्रींचा चेहरा उतरला. बंगल्यावर येताना त्यांना ज्याची भीती होती ते अखेर झालं होतं. ते हळूहळू उभे राहिले.

"अप्पा, आम्ही तुमच्यावर राग धरणार नाही," ते म्हणाले. "आमच्या प्रभूलाही लोकांनी गावाबाहेर काढलं होतं. आम्ही निमूटपणे जाऊ. मात्र या लेकरांनी तुमचं काय वाकडं केलं?"

त्यांचा आवाज कापायला लागला. रूथताई रडू लागल्या. अप्पा बावचळून मथुरेकडे वळले. "काकी, ही कित्याक रडतत?"

"तेंका वाटता, तुमी तेंकाच हाकलतास," मथुरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"ह्यांकाच कित्याक? आमी सगळेच जातलंव. माजी म्हातारी जातली, कोंबडे जातले, पोलीसपाटील जातलो."

"पोलीसपाटीलसुद्धा?" पाद्रींनी विचारलं आणि खाली बसले. हुतात्मा होण्याची चांगली संधी हातची गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं. मग त्यांना दुसरी काळजी लागली. घर दाखवायला म्हणून ही पोरं आणली, आणि इथे तर गावच्या गावच घरदार सोडून चाललं होतं.

ढोल वाजला आणि गाव निघाला. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, मागे गुरं. मथुरेने घराला कडी घातली, एक तपेली आणि पळी घेतली आणि जड पावलांनी शंकराच्या खोपीकडे वळली. शेळी आधीच पोचली होती.

मिशनच्या मंडळींनी माळाच्या टोकाला बस्तान मांडलं. त्यांच्याकडे एक तंबू होता. तो उभा करायचा कसा हे एका कागदावर छापलेलं होतं, आणि रूथताई ते मोठ्याने वाचत होत्या. पाद्री आत शिरून मधला खांब धरून उभे राहिले. रूथताई तिसऱ्या कलमाला पोचल्या तोच तंबू पाद्रींवर बसला. आतून पाद्रींचा आवाज येऊ लागला. ती प्रार्थना होती की मदतीची हाक, हे बाहेर कुणाला नीट कळलं नाही. शेजारच्या खोपीतल्या बाबू मेस्त्रीने आपलं बरं असावं म्हणून "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि तो विडी ओढत बसला.

पोरांनी हे सगळं थोडा वेळ पाहिलं. आभाळाखाली राहायचं, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ताडपत्रीला कुठे भोक पडतं, वारा कुठल्या बाजूने आत घुसतो, हे ती पोरं चालायला शिकली तेव्हापासून शिकली होती. एस्तरने परकर खोचला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. तंबूचं कापड काढून घेतलं, पाद्रींना बाजूला बसवलं. बाकीचं सामान माळावर भरपूर होतं. फक्त ते लोकांचं होतं.

दुपार कलायच्या आत माळावर आरडाओरडा सुरू झाला. बाबू मेस्त्रीचे दोन वासे गेले. शंकराची विणलेल्या झावळ्यांची झापं गेली. पोलीसपाटलांनी सुंभाचं वेटोळं उशाला घेऊन डोळा मिटला होता. जागे झाले तेव्हा डोकं जमिनीवर होतं. कुणाचंच फार गेलं नव्हतं, पण प्रत्येकाचं काहीतरी गेलं होतं.

मथुरा शंकराच्या खोपीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सुगंधा नुकतीच म्हणाली होती, "काकी, वायच सरकतंस?" तेवढ्यात दारात एस्तर येऊन उभी राहिली. तिच्या केसांत झावळीच्या काड्या अडकल्या होत्या.

"मावशी, चल," ती म्हणाली. "घर झालं. चूल कुठं मांडायची तेवढं सांग."

"कोणाचा घर?"

"तुझं. पाद्रीबाबांना काय चूल पेटवता येते?"

मथुरेने आयुष्यात पुष्कळ उत्तरं दिली होती. पण चूल कुठे मांडायची, हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा सासूची चूल होती, नवरा गेल्यावर हीच चूल चालव म्हणाले, आणि माळावर तर प्रश्नच नव्हता. तिने तपेली उचलली, पळी उचलली आणि सुगंधाला म्हणाली, "आता बस पाय लांब करून."

खोपी माळावरची सगळ्यांत मोठी होती. भिंती झापांच्या, छपराला तंबूचं कापड, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. मथुरेने चौफेर फिरून पाहिलं आणि दाराच्या उजव्या अंगाला पळी टेकवली. "हय." पोरांनी तिथे तीन धोंडे आणून ठेवले.

मग गाव आपापल्या वस्तू मागायला आला. पुढे शंकर. मथुरा दारात उभी राहिली.

"काकी, झापां माजी आसत," शंकर म्हणाला.

"तुजीच आसत. इतकी वर्सां माका कोपरो दिलंस, मगे ह्या वर्सा माजो कोपरो मी हय हाडलंय. जड वाटता तर सोडून ने."

शंकरने मागे पाहिलं. सगळा गाव ऐकत होता. कोपरा दिल्याचं तो दर वेळी चारचौघांत सांगत असे, त्यामुळे आता त्याला बोलायला जागा राहिली नव्हती. अप्पा घाडींनी मध्ये पडून निवाडा दिला, की देवाच्या माळावरचं सामान परत जाताना आपापल्या धन्याकडे जाईल, तोवर राहू द्या. पोलीसपाटलांनी मान डोलावली आणि उशाला चप्पल घेतली. संध्याकाळपर्यंत माळावर नाव पडलं होतं, मथुरेची खोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो शंकराची शेळी दाव्यासकट तिथे येऊन बसलेली. तिला दोनदा ओढून नेलं, दोनदा ती परत आली. तिसऱ्यांदा शंकरने नाद सोडला.

ते तीन दिवस मथुरेने राज्य केलं. मीठ तिच्या हाताने पडलं. तिच्या चुलीवरची पेज प्यायला बाबू मेस्त्री आला, पोलीसपाटील आले, आणि शेवटी सुगंधाही आली. मथुरा तिला म्हणाली, "बस गो. वायच सरकून." पाद्रींच्या प्रार्थनेला आता अर्धा माळ हुंकार द्यायचा. पाद्री रोगराई टळावी म्हणून मागू लागले, तशी बाबू मेस्त्रीने आपल्या म्हशीचंही त्यात घालायला सांगितलं, आणि पाद्रींनी घातलं.

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा आणि मानकरी कौल मागायला देवळाकडे गेले. माळावर बांधाबांध सुरू झाली. सगळ्यांना घर दिसायला लागलं होतं. पाद्रींनाही घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी नाताळ होता आणि कागदी चांदण्या, मेणबत्त्या, केक असं सगळं बंगल्यात कुलपात राहिलं होतं. मथुरा मात्र खोपीच्या मागे गेली. गावाकडे तोंड करून तिने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," ती पुटपुटली, "हेंका सगळ्यांका घराची घाई आसा. माका नाय. घराक गेलंय काय मी एकटीच. एक दिवस वाडवून दी. परत काय मागूचंय नाय." आणि हुंकार द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो तिने स्वतःच दिला.

अप्पा परत आले ते मान खाली घालून. देवाने पाकळी सोडली नव्हती. आजचा आणि उद्याचा दिवस माळावरच काढायचा होता. सगळीकडे कुरकुर सुरू झाली. सुगंधाने मथुरेकडे निरखून पाहिलं.

"काकी, हसतंस कित्याक?"

"हसाक नाय. उनान तोंड तसा दिसता."

तर असा नाताळ उजाडला. चांदण्या नाहीत, केक नाही. पोरं हिरमुसली होती आणि त्यांच्याहून जास्त पाद्री. शेवटी त्यांनी सगळ्यांना मथुरेच्या खोपीपुढे बसवलं आणि गोष्ट तरी सांगतो म्हणाले. करमणुकीचा वास लागताच गावही येऊन बसला, गुराढोरांसकट. पाद्री सांगू लागले. बेथलेहेम नावाचा गाव. राजाचा हुकूम झाला, म्हणून माणसं आपली घरं सोडून निघाली. योसेफ आणि त्याची बायको मरिया, तिचे दिवस भरलेले. कुठे जागा मिळेना. अखेर गुरांच्या गोठ्यात मुक्काम केला आणि तिथेच बाळ जन्माला आलं, त्याला गव्हाणीत निजवलं.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अप्पा घाडींनी समजून मान हलवली.

"म्हणजे तेंच्या गावाक पळण होती," ते म्हणाले.

"तसं नाही," पाद्री म्हणाले. "ती शिरगणती होती. रोमचा बादशहा..."

"हुकूम वरसून इलो मां? घरां सोडल्यानी मां? गोरवांत रवले मां?" अप्पांनी शांतपणे विचारलं. "मगे पळणच ती. तुमच्यात तेका येगळा नाव असतला."

पाद्रींनी तोंड उघडलं. समोर गाई रवंथ करत बसल्या होत्या, खोप्यांतून धूर निघत होता, आणि बाबू मेस्त्रीची सून ताडपत्रीखाली तान्ह्याला पाजत होती. पाद्रींनी थोडा विचार केला आणि रोमच्या बादशहाला सोडून दिलं. "असेल," ते म्हणाले.

मथुरेचं मात्र गोष्टीत दुसरीकडेच लक्ष होतं. "पोटुशी बाई," ती म्हणाली, "आणि अख्ख्या गावात कोणी कोपरो दिल्यान नाय?"

"कुणीच नाही."

"दीर नसतलो तिका." मग तिने शंकराकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "आसतो, तरी शेळयेकडेच झोपवल्यान असतो."

माळ हसला. शंकरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. एस्तर मथुरेला टेकून बसली होती. तिने विचारलं, "मावशी, त्यांना चूल कोणी मांडून दिली?" मथुरेने पोरीच्या केसांतली झावळीची काडी काढली आणि हात तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी देवाने कौल दिला. खोप्या उतरल्या, वासे आणि झापं धन्याकडे गेली, सुंभ पोलीसपाटलांच्या उशाला गेलं. चार दिवसांनी लॉरी निघाली तेव्हा मथुरा बंगल्याच्या दारात उभी राहून प्रत्येक पोराला त्याची त्याची शिवी देत होती. एस्तरची पाळी आली तेव्हा तिला शिवी सुचली नाही. पाद्री म्हणाले, "मथुराबाई, पुढच्या डिसेंबरात येऊ का?"

"डिसेंबर माका म्हायत नाय," ती म्हणाली. "देव सांगात तेवा या."

देवाने सांगायला चार वर्षं घेतली. बासष्ट साली कौल पडला, ढोल आठ दिवसांनी ठरला. त्याच दुपारी शंकर आपणहून आला आणि अंगणातूनच म्हणाला, "काकी, ह्या पाळये तुका मोटो कोपरो ठेवतंय. शेळी भायर बांधतंय." पण घराला कडी होती. काकी आचऱ्याच्या पोस्टात पोचली होती.

पोस्टमास्तरांनी कागद पुढे ओढला. "मजकूर सांगा."

"देवान हुकूम दिलो. पोरांका घेवन या."

पोस्टमास्तरांची लेखणी थांबली. "मिशनला करताय ना तार? मग कुठल्या देवाने ते लिहायला नको?"

"नको," मथुरा म्हणाली. "तेंका बरोबर कळतला."

मिशनच्या कमिटीत ती तार वाचली गेली तेव्हा, म्हणतात, सगळे उभेच राहिले. इतक्या स्पष्ट शब्दांत हुकूम यापूर्वी तिथे कधी आला नव्हता. सहलीला हरकत घ्यायची कुणाची छाती झाली नाही. साळवे पाद्रींना सगळं ठाऊक होतं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी शिट्टी घरी ठेवली आणि बोटीची तिकिटं काढायला गेले.

ढोल वाजायच्या आदल्या दिवशी लॉरी थेट माळावर, मथुरा वाट पाहत उभी होती तिथे, येऊन थांबली. बरीच पोरं नवी होती. एस्तर आता चौदा वर्षांची, मथुरेच्या खांद्याच्या वर गेलेली. उतरल्या उतरल्या तिने पदर खोचला, माळावर नजर फिरवली आणि विचारलं, "मावशी, चूल कुठं?"

चार वर्षं मथुरेने या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि उत्तरही घोकून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक, शंकरला ऐकू जाईल असं. पण तिने नुसती पळी उचलून जागा दाखवली. तिथे शेळी आधीच येऊन बसली होती.